तक्रार नाही

दात घासायला गेले की निवृत्ती ढवळे आरशाशेजारच्या पांढऱ्या तबकडीवर टॉवेल टाकत. महिनाभर हाच नेम होता. टॉवेलनं तिचं काही अडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तिला कॅमेरा नव्हताच. तिच्यातून निघणाऱ्या लहरी भिंतीआडूनही छातीची हालचाल मोजत, पाऊल जड पडलं तरी ओळखत, आणि काही वेगळं वाटलं की ती बोलून विचारतही असे. कॅमेरा नाही म्हणूनच त्यांच्या पत्नीनं, इंदुमतीबाईंनी, ती सांगलीच्या या घरात येऊ दिली होती. हट्ट पुण्याच्या मुलीचा, प्रज्ञाचा. म्हातारपणी कुणी पडलं-झडलं तर लगेच कळावं.

महिन्यापूर्वी इंदुमतीबाई स्वयंपाकघरात कोसळून वारल्या. तबकडीनं तेव्हा अँब्युलन्स बोलावली, हे खरं. पण हृदय एका दिवसात थकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मग आधी ही तबकडी गप्प का बसली?

दहा वाजता कंपनीची अंजुम तांबोळी नवी तबकडी बसवायला आली. प्रज्ञानं परस्पर ठरवलेलं. निवृत्तींनी जुन्या तबकडीतली नोंद आधी वाचायला लावली. अंजुम टाळू लागली, तसा त्यांनी तिच्यापुढे चहा ठेवला आणि स्वतः दारापाशी खुर्ची टाकून बसले.

इंदुमतीबाईंना शेवटच्या महिन्यात अकरा वेळा धाप लागलेली. दर वेळी तबकडीनं काय होतंय म्हणून विचारलेलं आणि इंदुमतीबाईंनी सांगितलेलं, काही नाही. पुढे शेरा: तक्रार नाही.

"कुठली बाई विचारल्याबरोबर दुखणं सांगते?" निवृत्ती म्हणाले. "कान दिलेत तिला, अक्कल द्यायची राहिली."

"माणसाचा शब्द धरायचा, असा नियम होता, काका. नाहीतर घरात हेर बसवल्यासारखं वाटतं. कुणी घेतच नव्हतं."

नवी तसं करत नाही, असं तिनं समजावलं. बोलणाऱ्याची नाडी, श्वास, आवाजातला कंप ती शब्दांशी ताडून बघते, जुळलं नाही तर तसं दाखवते. बोलता बोलता तिनं ती चालू करून टेबलावर ठेवली.

"म्हणजे चूक तुमची. तसं लिहून द्या."

अंजुम घुटमळली. एक नोंद उरलीय, म्हणाली. बाराव्या वेळी तबकडीनं घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारलं होतं, यांना काही होतंय का. तिनं बटण दाबलं. निवृत्तींचाच आवाज, वैतागलेला:

"तिला काय धाड भरलीय? चपात्या लाटायच्या आल्या की धाप लागते तिला."

चहावर साय धरली. निवृत्तींना यातलं काही आठवेना. आवाज हुबेहूब होता. पण हुबेहूब आवाज हल्ली कुणीही बनवतं, आणि या लोकांकडे तर त्यांची चार वर्षांची बडबड साठवलेली.

"हे तुम्ही बनवलंय."

"मी नुसत्या तबकड्या बसवते, काका."

"मी असं बोललो नाही," ते सावकाश म्हणाले. "कधीच नाही."

टेबलावरच्या तबकडीचा हिरवा दिवा पिवळा झाला. खाली अक्षरं उमटली. अंजुमनं ती वाचली आणि तबकडी हलकेच पालथी घातली.

निवृत्ती खुर्चीतून उठले. पण टेबलापर्यंत गेले नाहीत.

"काय म्हणतेय ती?"