नोंद न झालेलं मूल

ही गोष्ट माझ्या घरातली आहे, ऐकीव नाही. पटली नाही तरी हरकत नाही, पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही.

कॅनडातल्या सस्कॅचेवानमधलं हार्लो क्रीक. जानेवारी १९६८. शनिवार, दुपारचे दोन.

मी गव्हाच्या कोठारावर कामात होतो. चर्चचा विश्वस्त एल्विन प्रॅट आत आला आणि त्याने टोपी काढली.

शून्याखाली तीसमध्ये आमच्याकडे कुणी टोपी काढत नाही.

"क्लिफ, मेव्हिस..." एवढंच तो बोलला.

माझी बायको दर शनिवारी वेदीवरची पितळी भांडी घासायला चर्चमध्ये जायची. त्या दिवशी पहिल्या बाकावर बसली होती, तिथेच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय.

एल्विनने तिची पिशवी माझ्या हातात दिली. आत फडकी होती, चष्मा होता.

वही नव्हती...

चर्चला साठ वर्षं होणार होती. मेव्हिस त्याचा इतिहास लिहीत होती. ती वही ती दिवसा पिशवीत आणि रात्री उशाशी ठेवायची. आठच दिवसांपूर्वी मला म्हणाली होती, "ऐक ना. १९१९च्या हिवाळ्यात इथे एक चार वर्षांचं मूल गेलं. बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून पाळकांनी प्रार्थना म्हटली नाही. नोंदवहीत घेतलंही नाही. मला त्याचं नाव सापडलंय."

"काय नाव?"

"खात्री करते, मग सांगते. एल्विनला ते पान नकोय. तेव्हाचे पाळक त्याचे वडील ना. पण क्लिफ, ते पान नसेल तर माझं पुस्तकच नको."

आमच्याकडे हिवाळ्यात जमिनीला कुदळ लागत नाही. थंडीत गेलेल्यांच्या शवपेट्या चर्चमागच्या लाकडी खोलीत ठेवतात आणि मे महिन्यात पुरतात. त्या हिवाळ्यात तिथे मेव्हिस एकटीच होती.

निदान मी तसं धरून चाललो होतो.

अंत्यविधीला चर्चच्या घंटेचे वयाइतके टोल देतात. मेव्हिस त्रेसष्ट वर्षांची. मी मोजत बसलो, दुसरं काही सुचत नव्हतं.

त्रेसष्ट. मग शांतता...

मग आणखी चार. अगदी हलके.

शेजारची इनेझ वळून माझ्याकडे बघत राहिली.

बाहेर आल्यावर मी एल्विनला धरलं. "किती टोल दिलेस?"

"त्रेसष्ट."

"आणि पुढचे चार?"

"क्लिफ, तू दोन दिवस झोपलेला नाहीस."

"मी झोपलेय की," इनेझ मधेच म्हणाली. "चांगली घोरत होते, नवऱ्याला विचार. मीही ऐकले."

एल्विन घंटेच्या खोलीला कुलूप लावून निघून गेला.

तेव्हापासून माझा त्याच्यावर संशय. वही त्यानेच घेतली असणार. टोलही मला वेडा ठरवायला दिले असणार.

मी रोज जेवण झालं की मागच्या खोलीपाशी जाऊन उभा राहायचो. अकरा दिवस काही नाही.

बाराव्या दिवशी दारावर आतून टकटक झाली...

आवाज खालून येत होता. माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून.

मी कुलूप काढलं. आत फक्त पेटी. जमिनीवर, भिंतींवर, पेटीवर हिमाचा पांढरा थर.

फक्त पेटीशेजारी एक जागा कोरडी होती. बर्फात वासरू रात्रभर बसलं की उठल्यावर खाली जशी जागा उरते, तशी. अंगाची ऊब लागलेली.

वासराहून लहान.

मी तडक एल्विनच्या घरी गेलो. त्याने कॉफी ओतली. "मेव्हिस तुझ्या कॉफीला डांबर म्हणायची. ही तरी पी."

"वही दे, एल्विन."

तो उठला आणि कपाटातून वही काढून टेबलावर ठेवली.

"घेतली मी. वडिलांचं नाव जाईल म्हणून. लाज वाटते मला."

मी पानं उलटली. १९१८ होतं. १९२० होतं. मधलं पान फाडलेलं होतं.

"पान कुठाय?"

"वही घेतली तेव्हाच नव्हतं."

"चोराने चोरी कबूल केली आणि मालाला हात लावला नाही म्हणतो?"

"मी चोर, मान्य. पण पान मी फाडलेलं नाही." त्याचा आवाज खाली गेला. "आणि ते चार टोलही माझे नव्हेत. त्रेसष्टनंतर मी दोर खुंटीला बांधून खाली आलो होतो. दोर वर आणि मी खाली, आणि घंटा..."

त्याची कॉफी गार झाली.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. आजही पूर्ण ठेवलेला नाही.

मे महिन्यात मेव्हिसला पुरलं. खोलीतून पेटी उचलताना मला दिसलं, वरच्या कापडाची एक कड चुरगळलेली होती. त्या कोरड्या जागेच्या बाजूचीच. मूठ धरून ठेवल्यासारखी.

एल्विनने पटकन हात फिरवून ती सरळ केली. त्याने काय पाहिलं ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

नव्या पाळकांनी नोंदवहीत मेव्हिसचं नाव लिहिलं. मी म्हणालो, "खाली त्या मुलाचंही लिहा."

"लिहितो की. नाव सांगा."

एल्विन बुटांकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होतो.

नाव फक्त मेव्हिसला माहीत होतं.

आता याला तीन वर्षं झाली. मूल रेल्वेच्या कामावर आलेल्या कुणाचं असेल म्हणून रेल्वेची जुनी कागदपत्रं पाहिली, लांबच्या गावांना पत्रं लिहिली. ते मूल कुणाचं, वसंतात त्याला कुठे पुरलं, पुरलं तरी का, काही कळलेलं नाही. बाकीचा इतिहास मी स्वच्छ लिहून काढला आहे. छापखान्याची दोन पत्रं येऊन गेली.

पुस्तक मी अजून छापायला दिलेलं नाही.