तेरावा हात

दंतोजींना पगार मिळायचा तो दात वाईट घासण्याबद्दल. सासऱ्यांना हे पटवून देताना त्यांच्या नाकी नऊ आले होते, पण नोकरी पक्की होती.

कंपनी स्मार्ट ब्रश बनवायची. ब्रशच्या दांड्यात नखाएवढा सेन्सर. हात किती कलला, मनगट कुठे वळलं, जोर किती लागला, यावरून तोंडाच्या कुठल्या कोपऱ्यात काय चाललंय ते त्याला कळे, आणि मोबाइलवर जबड्याचे सोळा चौकोन एकेक करून निळे होत. नव्या ब्रशला तर हाताच्या हालचालीवरून माणूसही ओळखायचा होता. त्यासाठी दंतोजी चाचणीच्या खोलीत बेसिनपाशी उभे राहून दिवसभर बारा जणांसारखे दात घासत. बस चुकलेली मुलगी, सांधे धरलेल्या आजी, फोनवर भांडणारा वकील, डावखुरा न्हावी. अकरा वर्षांत सराव इतका झाला होता की आजींचा नंबर आला की दंतोजींचे स्वतःचे गुडघेसुद्धा दुखत.

"सगळं जमलंय," एका सोमवारी विभागप्रमुख बाई म्हणाल्या. "आता तुमचा स्वतःचा हात नोंदवा, मालक म्हणून. ब्रश घरी न्या, आठवडाभर वापरा. त्यानं मालकाला ओळखलं नाही, तर वरचे आपला विभागच बंद करतील."

दंतोजींनी ब्रश तोंडात घातला आणि ते थबकले. आपण स्वतः दात कसे घासतो, हेच त्यांना आठवेना. मनगट सैल सोडलं की न्हावी येई, सावरलं की आजी. बाई घड्याळ बघत होत्या. शेवटी लाज झाकायला त्यांनी मनानंच एक माणूस रचला. शांत, नीटनेटका, कसलीच घाई नसलेला. सोळाही चौकोन निळे झाले.

"अगंबाई! घरी तुम्ही असे असता होय?"

"हो," दंतोजी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

घरी मात्र तो माणूस काही केल्या जमेना. त्यांनी ब्रश हातात घेतला की मोबाइलवर उमटे, 'नमस्कार, पाहुणे.' दंतोजी ब्रशवर खेकसले. ब्रशवर काही परिणाम झाला नाही.

बुधवारी भर दुपारी ते कचेरीत असताना मोबाइल वाजला. 'मालकांनी दात घासले. सोळापैकी सोळा.'

त्यांनी बायकोला फोन लावला. ती तिच्या शिवणाच्या दुकानात होती.

"ब्रश तू घेतला होतास का?"

"मी कशाला घेऊ? घराला कुलूप आहे. तुम्ही ठीक आहात ना?"

सेन्सर बिघडला असणार, असं म्हणून ते बाईंकडे गेले. "मालकाला ओळखतोय ना?" बाईंनी विचारलं. "मग झालं तर! कशाला उकरून काढता?" गुरुवारी दंतोजींनी ब्रश कपाटात कोंडला आणि किल्ली खिशात घातली. दुपारी पुन्हा सोळापैकी सोळा.

"हल्ली टॉवेल वाळत घालता तुम्ही," संध्याकाळी बायको कौतुकानं म्हणाली. दंतोजींनी जन्मात टॉवेल वाळत घातला नव्हता. पण श्रेय आयतं पदरात पडतंय तर नाही कशाला म्हणा, म्हणून त्यांनी मान डोलावली. ती चूकच झाली.

शुक्रवारी ती म्हणाली, "दुपारी फोनवर किती छान बोललात! दुकानात कसं चाललंय, पाठ दुखते का, सगळं विचारलंत. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतंत."

दुपारभर दंतोजी बैठकीत होते. त्यांनी फोन केला नव्हता. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघून त्यांना पहिल्यांदा भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त वाईट वाटलं. तिची पाठ दुखते हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

त्यांनी न्हाणीघरात जाऊन मोबाइलवर मालकाची नोंद पुसायचं बटण दाबलं.

'क्षमस्व. पाहुण्यांना ही परवानगी नाही.'

रविवारी सकाळी ते कंबर कसून आरशासमोर उभे राहिले. आज ब्रशकडून ओळख पटवून घ्यायचीच. आपलं घर, आपली बायको, आपला हात. हळू, शांतपणे, मागच्या दाढाही न विसरता. पंधरा चौकोन निळे झाले. तोंड फेसानं गच्च भरलं होतं.

"अहो," बायकोनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "चहात साखर घालू ना?"

दंतोजी थुंकायला वाकले.

"अर्धाच चमचा," बाहेर जेवणाच्या टेबलापाशी कुणीतरी म्हणालं. आवाज त्यांचाच होता. "आणि तू बस, मी ओततो."

बायको हसली. खुर्ची सरकली, आणि टेबलावर दोन कप ठेवल्याचा आवाज आला.