एक्केचाळीस उसने उल्लेख

सकाळीच संचालकांचं बोलावणं आलं. ग्रंथपालबाई खोलीत शिरल्या तेव्हा तिघं एकमेकांची नजर चुकवत बसले होते: मेंदूतले संकेत टिपून लुळा हात हलवणारं यंत्र बनवणारी संशोधिका, तिचे विभागप्रमुख, आणि दोन वर्षं तिच्याशी अबोला धरलेला सहकारी.

टेबलावर निनावी तक्रार होती. जगभरातल्या मेंदू-तंत्रज्ञानाच्या संशोधनात कुणाच्या लेखाचा किती जणांनी उल्लेख केला, यावर संस्थेच्या नव्या केंद्राचं प्रमुखपद ठरणार होतं. संशोधिकेने भाडोत्री लेखकांकडून असे उल्लेख करवून घेतले, असा आरोप होता. सोबत एक्केचाळीस लेखांची यादी.

"उद्यापर्यंत छडा लावा," संचालक बाईंना म्हणाले आणि त्यांनी संशोधिकेकडे बोट दाखवलं. "नाहीतर या घरी जातील."

सहकारी उघड हसला. विभागप्रमुखांनी खेदाने मान हलवली.

बाईंनी एक्केचाळीसही लेख वाचून काढले. प्रत्येकात संशोधिकेच्या लेखाचं नाव होतं 'लुळ्या हाताची हालचाल'. छापील नाव मात्र 'इच्छा आणि हालचाल'. विचारल्यावर संशोधिका तुटकपणे म्हणाली, की छपाईच्या तोंडावर तिने नाव बदललं.

"आधीचा खर्डा कुणी वाचला होता?"

"फक्त सरांनी, आमच्या विभागप्रमुखांनी."

"आणि तुमच्या सहकाऱ्याने?"

"त्याला मी माझा कागद दाखवेन?"

मग बाईंनी उल्लेख मोजणारी जागतिक सूची उघडली. नाव जुळत नसल्याने त्या एक्केचाळीसांतला एकही तिच्या लेखाखाली नोंदला गेला नव्हता. बाईंनी सूची पुन्हा एकदा तपासली. विभागप्रमुखांनीच त्यांना इथे नोकरी दिली होती.

दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा जमले.

"यांनी हे करवलं असतं, तर छापील नाव दिलं असतं," बाई म्हणाल्या. "चुकीच्या नावाने यांचा काडीचा फायदा झाला नाही. आणि सूचीत यांच्या लेखाखाली जे दिसतच नाहीत, ते लेख तक्रारदाराला सापडले कसे? ज्याने लिहवून घेतले, त्यालाच ते ठाऊक. त्याच्याकडे फक्त जुना खर्डा होता." त्या विभागप्रमुखांकडे वळल्या. "तो तुमच्याकडे होता."

विभागप्रमुखांनी ती यादी टेबलावर उलटी ठेवली.

"छापलेला लेख मी उघडलाच नाही," ते म्हणाले. "हिचं काय वाचायचं? मीच शिकवलंय हिला. आणि ते पद माझं होतं."

संचालकांनी राजीनाम्यासाठी कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

संशोधिका उठली. बारा वर्षं ती या माणसाला सर म्हणत आली होती.

"माझ्या प्रयोगशाळेची किल्ली ठेवून जा," ती म्हणाली.