औषध देलं

आमच्याकडे औषध म्हटलं की माणूस आधी पऱ्हाटीकडे, म्हणजे कपाशीकडे पाहतो. तापाच्या औषधाला आम्ही गोळी म्हणतो, दवा म्हणतो. औषध म्हणजे फवारणीचं. बोंडअळीच्या त्या वर्षांत तर शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. बरं, थोडं बचावासाठीच सांगतो.

मी विठ्ठलराव, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोर्टात एकवीस वर्षं टायपिस्ट. कोणतं कोर्ट ते विचारू नका. दोन हजार चार साली आमच्याकडे बोरी अरबकडच्या बळीराम मुनेश्वरवर बायकोच्या खुनाचा खटला चालला. तिचं नाव प्रभावती, वय बत्तीस. पोटात कीटकनाशक निघालं, घरात रिकामी बाटली निघाली, आणि आदल्या दिवशी नवरा-बायको भांडल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. रिकामी बाटली तर तेव्हा घराघरात होती. माझ्याही होती.

शेवटी आरोपीचा जबाब झाला. जज्जसाहेब कोकणातले, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी विचारलं, "त्या सकाळी तुम्ही तिला काय दिलं?"

बळीराम म्हणाला, "म्या तिले औषध देलं, साहेब."

साहेब मला म्हणाले, "लिहा, मी तिला औषध दिले." मला वाटलं, साहेबांना इकडची बोली कळत नाही, मुद्दा निसटून जाईल. मी टाइप केलं, 'मी तिला फवारणीचे औषध दिले.' एकच शब्द, तोही मदत म्हणून. साहेबांनी वाचून सही केली. बळीरामला मीच वाचून दाखवलं, पण जेवणाच्या सुट्टीआधी वाचतात तसं, भराभरा. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल दुसऱ्याचा गेला.

जन्मठेप झाली. पोलीस त्याला नेत होते तेव्हा तो माझ्या टेबलापाशी थांबला.

"बाबू, तापाचं देलतं जी म्या. सरकारी दवाखान्यातलं, लाल बाटली. चार दिवस फवारून राह्यली होती ना ते. तोंडाले फडकंही नव्हतं. तेच पोटात गेलं."

मी म्हटलं, "आता अपिलात सांग." आणि त्याच्या फाइलवर दुसरी फाइल ठेवली. टाइप करताना माझी चूक झाली होती. पाप या वेळी झालं, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं.

अपील मुदतीत झालंच नाही. गरिबाचं कोण करतो? दोन हजार सहाच्या दिवाळीआधी नागपूरहून संघर्ष नावाचा तरुण वकील आला. सरकारी मदतीतून फुकट केस चालवणारा. मी तेव्हा नक्कल विभागात होतो. त्याने जबाबाची नक्कल मागितली आणि खुर्ची ओढून बसला.

"शिक्षाच बेकायदेशीर हाय, काका. सारा निकाल एका उत्तरावर उभा हाय, अन् बळीराम म्हणते, तो शब्द माहा नाही. टाइप तुम्हीच केलं ना? काही आठवते?"

"असे किती जबाब टाइप केले, बाप्पा! कसं आठवल?"

"आठवलं त सांगा. तुमचं प्रतिज्ञापत्र मिळालं त माणूस सुटते. नाही त आतमंदीच मरते."

खाई त्याला खवखवे. माझी पेन्शन चार वर्षांवर आली होती. मी म्हटलं, "नक्कल गुरुवारी घेऊन जा."

फाइलची दोरी सोडली तेव्हा आधी वास आला. फवारणीच्या औषधाचा नव्हे. त्या वासाची मला धास्ती होतीच. हा गोड वास होता, लेकरांना खोकल्यासाठी पाजतात त्या बाटलीचा. दोन वर्षं कपाटात बांधून ठेवलेल्या कागदांना तो कुठून लागला, कोण जाणे. मी खिडकी उघडली. बाहेर जिनिंगचा कापूस उडत होता.

नक्कल टाइप केली. मशीन तेच, समास तेवढाच, शब्दाला शब्द जुळलेला. तरी मूळ पानावर सत्तावीस ओळी आणि माझ्या पानावर अठ्ठावीस. मी पट्टी लावून मोजल्या. प्रत्येक ओळ मुळातल्या ओळीशी जुळत होती आणि शेवटी एक उरत होती. कोणती, ते सापडेना.

नक्कल झाली की मुकाबला करतात. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवायचं. वाचायला आमचा देवीलाल बसला. दुपारचे तीन वाजलेले, गालात तंबाखूचा खर्रा, आवाज नेहमीसारखा कंटाळलेला.

"प्रश्न अकरा. त्या सकाळी तुम्ही तिला काय दिलं? उत्तर. यायनं औषध देलं. गोड होतं. म्या अजून मांगलं, त म्हणे सांजेले घेजो. प्रश्न बारा..."

माझं बोट थांबलं.

"देवीलाल, काय वाचलं तू?"

"लिवलं तेच. मी तिला फवारणीचे औषध दिले. काहून?"

'यायनं' असं कोणता आरोपी स्वतःला म्हणतो? 'यायनं' म्हणते ती बायको, नवऱ्याचं नाव न घेता.

"पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. यायनं औषध देलं. गोड होतं. त्याचे डोळे कागदावर होते, ओठ हलत होते, आणि त्याला काहीच कळत नव्हतं.

"अजून एकदा."

"झपाटलं का बे तुले?" म्हणत त्याने तिसऱ्यांदा वाचलं. या वेळी शेवटी एक वाक्य जास्त होतं.

"बाबू, तुमी कायले लिवलं?"

देवीलाल खर्रा थुंकायला उठून गेला. मी तिथेच बसून रडलो. भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली.

गुरुवारी सकाळी अकराला संघर्ष आला तेव्हा माझं प्रतिज्ञापत्र मीच टाइप करून ठेवलं होतं. 'फवारणीचे हा शब्द आरोपीने उच्चारला नव्हता. तो मी माझ्या मनाने घातला. आरोपीने नंतर मला खरे सांगितले, ते मी दडवले.' पेन्शन गेली तर जावो. प्रतिज्ञापत्र करणाऱ्याला ओळखणारं कोणी लागतं, म्हणून शेवटची ओळ असते, 'यांना मी ओळखतो.' तिच्याखाली वकील सही करतो.

त्याने सगळं वाचलं.

"सुटते बळीराम," तो म्हणाला.

मग पेन काढलं आणि हसला. "काका, मले बाई करून टाकलं का?"

मी पाहिलं. 'यांना मी ओळखते.'

"बोट चुकलं," मी म्हटलं.

"अन् सही कुठं करू? इथं त कोणी ओळख देऊनही ठेवली."

खाली लहानसा अंगठा उमटला होता. शेजारी नाव होतं. संघर्षने ते वाचलं आणि हात मागे घेतला.

प्रभावती बळीराम मुनेश्वर, निशाणी डावा अंगठा.

अंगठा देणाऱ्याचं नाव, अंगठा घेणारा लिहितो. अक्षर माझं होतं, आणि शाई अजून ओली होती.