कमळ, सहा वाजून दहा मिनिटं

कमळाचं चित्र. खाली पिवळ्याधमक अक्षरांत ‘सुप्रभात’.

लिफ्ट. दोन बोटं एकदमच सातच्या बटणावर आपटतात. “तुम्हीपण त्या इंटरनेटवाल्या प्रकल्पात?” “हो... दुर्दैवानं.”

वगळलेले संदेश : ४१,२०८.

एक संमतीपत्र. कालावधीची जागा कोरी.

तर, हे सगळं प्रकल्पप्रमुख हुआंग बाईंमुळे झालं. म्हातारी माणसं इंटरनेटवर काय करतात, याचा अभ्यास सगळ्या शास्त्रांनी मिळून करायचा, अशी त्यांना तैपेईत बसून हौस आली. मग माणसांत बसून अभ्यास करणारी पेई-रू आणि संगणकवाला यान-तिंग एकाच टेबलाला जुंपले गेले. तीन महिन्यांत दोघांचं एकमत झालं ते फक्त खालच्या टपरीवरच्या अंड्याच्या धिरड्यावर. तो ते रोज आणायचा आणि तिच्या धिरड्यात न विचारता जास्त मिरची घालून घ्यायचा. तिला जास्तच आवडते, हे त्याला कसं कळलं, याचाही तिला राग यायचा... थोडासा.

सोमवारी मात्र कहर झाला.

“लिन आजी कुठे गेल्या?” पेई-रूनं स्क्रीनवर बोट आपटलं.

“यंत्रांचे संदेश गाळायच्या सफाईत गेल्या. रोज सकाळी सहा-दहाला गटावर तेच कमळाचं चित्र, सोबत एक शब्द नाही. असं यंत्रच करतं.”

“यंत्र? एकोणऐंशी वर्षांची बाई आहे ती! देवळाच्या अंगणात बसते. दोन वर्षं मी शेजारी बसलेय तिच्या!”

“मग तिला कुणी उत्तर का देत नाही?”

“उत्तर नकोच असतं! चित्र आलं म्हणजे आजी आहे. नाही आलं, की तासाभरात कुणीतरी जाऊन दार ठोठावतं. शिरलं डोक्यात, साहेब?”

“पुरावा?”

“त्यासाठी दोन वर्षं चहा प्यावा लागतो.”

“चहा मोजता येत नाही, पेई-रू.”

“मग माझं नावच काढून टाक शोधनिबंधावरून!”

शुक्रवारी निबंध द्यायचा होता. दोघांची सही नसेल तर प्रकल्प बंद, आणि तिची दोन वर्षं पाण्यात. हे ठाऊक असूनही ती दार आपटून गेली. आजींना यंत्र म्हणणाऱ्या कागदावर सही? छे!

मंगळवारी सकाळी सहा-दहाला फोन वाजला. कमळ. यान-तिंगकडून. शब्द एकही नाही.

“टवाळखोर!” ती उशीला म्हणाली.

बुधवारी तेच कमळ. गुरुवारी तेच. तिनं उत्तर दिलं नाही. आपल्याला सहा-पाचलाच जाग येते, हेही कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवार. सहा-दहा... काहीच नाही. सहा-वीस... तिनं फोन बंद करून चालू केला. “बरंच झालं,” ती मोठ्यानं म्हणाली. सहा-पस्तीसला ती पायात घरातल्या सपाता, भर पावसात छत्रीचा पत्ता नाही, अशी मागच्या गल्लीत त्याचं दार बडवत होती.

दार उघडलं. केस उभे, गालावर उशीचे वळ.

“चित्र कुठाय?”

“अं?... डोळा लागला गं. वगळलेले सगळे संदेश परत घालत होतो, आत्ता पाचला संपलं...” तो थबकला. घड्याळाकडे बघितलं, मग तिच्या ओल्या सपातांकडे. “पंचवीस मिनिटं! आजींची माणसंसुद्धा तास लावतात. आणि तू—”

“मोजू नकोस!”

“पण हा पुरावा आहे.”

“प्रयोग केलास माझ्यावर? न विचारता? आमच्या शास्त्रात आधी संमतीपत्र घेतात, गाढवा!”

तो आत गेला, कागद घेऊन आला, दारातच भिंतीला टेकवून लिहिलं : ‘रोज सकाळी एक कमळ. कालावधी :’ पुढे जागा कोरी. खाली : ‘सहभागी व्यक्ती कधीही माघार घेऊ शकते.’

“हे कलम लागतंच ना तुमच्यात?” त्यानं पेन हातातच ठेवलं.

“लागतंच.” तिनं पेन हिसकावलं. “काढता येत नाही ते.”

“बरं...”

“पण मी ते वापरणार नाहीये.”

आणि कोऱ्या जागेत तिनं एक रेघ ओढली – कागदाच्या कडेपर्यंत, तिथून पुढे त्याच्या अंगठ्यावरही.

“आणि निबंध?”

“आधी धिरडं. मग सही.”

सोमवारी दुपारी, भांडण झाल्यावर, यान-तिंग देवळाच्या अंगणात जाऊन लिन आजींसोबत सहा पेले चहा पिऊन आला होता.