प्रीतमच्या नावासमोर

हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्या. हे मला आमच्या रोझाबायच्या ज्युडने स्वतः सांगितलंय.

गेल्या नोव्हेंबरची चौदा तारीख, शुक्रवार. घरी नेट धड चालत नाही म्हणून ज्युड रात्री आठला मालवण बंदरावर मच्छीमार सोसायटीच्या माडीवर गेला. होड्यांना वाऱ्याचा इशारा देणारा प्रोग्राम त्याने आणि प्रीतमने मिळून लिहिलेला. सगळा कोड एका साइटवर होता, रिपॉझिटरी म्हणतात त्याला. ती साइट रात्री बाराला बंद होणार, म्हणून तो कोड नव्या साइटवर हलवायचा होता. त्यात प्रत्येक बदलापुढे करणाऱ्याचं नाव असतं आणि एका ओळीची टीप. प्रीतम वर्षापूर्वी तापाने गेला. तेव्हा त्याची आई, मथुराकाकी, म्हणाली होती, "ज्युड, माज्या झिलाचा नाव थंय तरी रवांदे रे." ज्युडने शब्द दिला होता.

हलवताना जुन्या नावासमोर नवं खातं लिहावं लागतं. गेलेल्या माणसाचं नवं खातं कुठून येणार? त्यात ज्युड दोन रात्री जागलेला. भागीदार गेला की आपण होडी आपल्या नावावर करून घेतो ना, तसं त्याने प्रीतमच्या नावासमोर स्वतःचं नाव लिहून टाकलं.

अकरा वीसला काम संपलं. बघतो तर प्रीतमचे चारशे बारा बदल ज्युडच्या नावावर! पुन्हा सगळं करायला अर्धा तास लागणार होता. पण अंगात त्राणच नव्हतं. रडू आलं त्याला. दोन्ही हात कपाळाखाली घेऊन त्याने टेबलावर डोकं टेकलं.

आणि...

कीबोर्ड वाजू लागला.

अगदी कानाजवळ. ज्युडचे हात कपाळाखालीच होते. दाराला आतून कडी होती. त्याने डोकं उचललं नाही. बटणं वाजत राहिली. मग थांबली. कुणीतरी श्वास सोडला... दमलेला.

मग काहीच नाही.

बारा वाजून पाच मिनिटांनी त्याने वर पाहिलं. जुनी साइट बंद. नव्या साइटवर ते चारशे बारा बदल, सगळे प्रीतमच्या नावावर.

"तोच झोपेत करून बसलो आसतलो, आजोबा."

मीही तेच म्हटलं, नम्रता. तेव्हा त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. सगळ्यात वर चारशे तेरावा बदल होता. प्रीतमच्या नावाने. वेळ अकरा अठ्ठावन्न. समोर टीप...

"ज्युड दमलो. उरलेला मी केलंय."