पितळी तोफांचं जहाज

जहाज येऊन माझ्या चपलेला टेकलं, तेव्हा मी तळ्याकाठी भुट्टा खात उभी होते. हातभर लांब, राखाडी रंगाची युद्धनौका... तोफांसकट. पाठोपाठ माझ्याच काठावरून एक माणूस धावत आला.

"धरा हो ते... उलटेल."

मी वाकेपर्यंत ते कुशीवर झालंच.

असा मला अच्युत भेटला. आमच्याच कारखान्यात टर्बाइनच्या शॉपमध्ये इंजिनिअर. मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर, नकाशे गिरवणारी. एकाच टाउनशिपमध्ये दोन वर्षं राहून साधी तोंडओळखही नव्हती, म्हणजे कमालच म्हणायची.

जहाजाला सेलवरची मोटर होती. एका काठावरून सोडायचं आणि पलीकडे कोणीतरी धरायचं. ते कोणीतरी म्हणजे मी, दर रविवारी. आईला सांगायचे, मैत्रिणीकडे, शशिकलाकडे, विणकाम शिकायला जाते. चार महिन्यांत एक मोजासुद्धा झाला नाही.

जहाज मात्र मध्यावर पोचलं की हटकून कलंडायचं. मग अच्युत पँट दुमडून चिखलात.

"एकदा हे नीट पार झालं ना, सरोज... की त्याच दिवशी तुझ्या बाबांना भेटतो," तो एकदा म्हणाला, माझ्याकडे न बघता. कान लालबुंद. मला तो आवडत होता, उगाच आढेवेढे कशाला घेऊ? पण येत्या रविवारी नागपूरचं स्थळ मला बघायला येणार होतं, आणि जहाज काही उलटायचं थांबत नव्हतं.

शनिवारी कारखाना सुटल्यावर मी त्याला तळ्यावर बोलावलं.

"या तोफा कशाच्या आहेत रे?"

"पितळेच्या. स्वतः लेथवर काढल्यात."

"भरीव?"

"मग? ड्रॉइंगप्रमाणे..."

"डोक्यावर शेरभर पितळ घेऊन तू तरी सरळ उभा राहशील का?"

आमच्या कारखान्यातली माणसंच तशी. रोज टनावारी वजनाची यंत्रं करतात. एखादी गोष्ट हलकी करावी, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही.

"तोफांशिवाय युद्धनौका कसली?"

"मग नको ना युद्ध," मी म्हटलं. "अच्युत, उद्या ते लोक येताहेत. मला पोह्यांच्या बश्या घेऊन त्यांच्यासमोर जायचं नाहीये..."

त्याने खिशातून पेचकस काढून आठही तोफा एकेक करून सोडवल्या आणि माझ्या ओंजळीत ठेवल्या. दोन महिने खपला होता बिचारा त्यांच्यावर. मी वळसा घालून पलीकडे गेले.

बोडकं जहाज मध्यावर आलं. डुललं... माझा जीव टांगणीला. मग सावरलं आणि संथपणे येऊन माझ्या चपलेला टेकलं.

अच्युत धापा टाकत आला. "बाबा घरी असतील?"

"असतील. चल, आज पहिल्यांदाच तुझी पँट कोरडी आहे."

आमच्या फाटकाशी आल्यावर त्याने हात पुढे केला. "तोफा दे."

"राहू देत माझ्याकडेच," मी म्हटलं. "आत बाबा आहेत. लागतील."